क्रेगच्या कार्डावर तीनच शब्द

१२ ऑगस्ट २००९, बुधवार

ही वही ऑफिसने दिली. काळं रेक्झिनचं कव्हर, आत खूण ठेवायला लाल फीत. मराठीत लिहितोय, कारण क्रेग म्हणाला की मनातल्या भाषेत लिहा. शिवाय ऑफिसात कुणाच्या हाती लागली तर वाचता येऊ नये.

क्रेग म्हणजे आजच्या वर्कशॉपचा माणूस. नव्याने टीम लीडर झालेल्या आम्हा नऊ जणांना त्याने दिवसभर एका खोलीत बसवून शांत राहायला शिकवलं. पूर्वी तो रग्बीवाल्यांना हेच शिकवायचा. पहिल्या स्लाइडवर रोमन शिरस्त्राण, दुसऱ्यावर ग्रीक खांब. दोन हजार वर्षांपूर्वी स्टोइक नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले, त्यांनी जगाचे दोन भाग केले: आपल्या हातात आहे ते आणि नाही ते. आपले विचार आपल्या हातात. लोक, हवामान, साहेब, मरण, यांतलं काही हातात नाही. जे हातात नाही त्याचा त्रास करून घ्यायचा नाही. मी वीसेक वर्षं पाण्याच्या पाइपांचं काम करतोय, पण एक व्हॉल्व्ह बंद केला की सगळी गळती थांबते असं कधी पाहिलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

प्रत्येकाला प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड मिळालं. पुढे दोन रकाने, डावीकडे हातातलं आणि उजवीकडे हातात नसलेलं, मागे स्टोइकांचे सद्गुण म्हणून तीन शब्द: धैर्य, संयम, शहाणपण. रोज जेवणानंतर स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. काय चुकलं, काय जमलं, काय राहिलं. डॉक्टरने माझं ब्लड प्रेशर दीडशेवर पंचाण्णव सांगितल्यापासून मी असंच काहीतरी शोधत होतो.

क्रेगने सांगितलेली एक गोष्ट मी घरी जेवताना सांगितली. एक स्टोइक तत्त्वज्ञ आधी गुलाम होता. मालक गंमत म्हणून त्याचा पाय पिरगळत होता. गुलाम शांतपणे म्हणाला, मोडेल. मालकाने आणखी पिरगळला, पाय मोडला. गुलाम तितक्याच शांतपणे म्हणाला, बघा, सांगितलं होतं. जन्मभर लंगडत चालला, पण मनाने मोकळा राहिला.

आमच्या गौतमीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. बायको, सुजाता, भात वाढत म्हणाली, "आणि मोडणाऱ्याचं काय झालं?"

मी म्हटलं, ते गोष्टीत नाहीये.

काय चुकलं: काही नाही. काय जमलं: वही सुरू केली. काय राहिलं: सुजाताचा प्रश्न क्रेगला विचारायचा.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

नायनाय उपनगरात पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. कॉन्ट्रॅक्टर फोनवर ओरडत होता, मी कार्ड हातात धरून ऐकलं. तो डावीकडचा नाही, उजवीकडचा. दहा मिनिटांनी तोच दमला आणि म्हणाला, "स्वीट ॲज, ठीक आहे, बघतो." चमत्कार वाटला.

क्रेगचा दुसरा व्यायाम असा की सकाळी पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि आपल्याला प्रिय असलेली एकेक गोष्ट गेली असं समजायचं, म्हणजे खरंच गेली तर धक्का बसत नाही. मी गाडीपासून सुरुवात केली. करोला गेल्याचं मला अजिबात दुःख झालं नाही, पण ती बारा वर्षांची आहे आणि तिचा गिअरबॉक्स तसाही जाणारच आहे. उद्या घर.

श्रीनाथ ट्रेनमध्ये म्हणाला, "अरे हे तर आपल्याकडचंच. स्थितप्रज्ञ. गोऱ्यांना दोन हजार वर्षांनी कळलं." मी मान हलवली. श्रीनाथ पुण्याचा, बँकेत आयटीत आहे, इथे न्यूझीलंडमध्ये लोअर हटला आमच्या मागच्या गल्लीत राहतो. रोज सकाळी त्याच्या गाडीतून आम्ही चौघं निघतो. त्याची सिद्धी आणि आमची गौतमी एका वर्गात आहेत. मुलींना शाळेत सोडायचं, वॉटर्लू स्टेशनला गाडी लावायची आणि ट्रेनने वेलिंग्टन गाठायचं. आठ वर्षांत एकदाही भांडण नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

आज श्रीनाथकडे गणपती. सतरा माणसं जेवायला होती. स्वानंदीवहिनींच्या हाताला फार चव आहे. उकडीचे मोदक न्यूझीलंडच्या तांदळाला इतके सुबक येतात हे त्यांनाच जमतं. आरतीच्या वेळी सुजाता नेमकी स्वयंपाकघरात असते. दर वर्षी असते, आणि दर वर्षी सगळे तिच्या कामसूपणाचं कौतुक करतात.

जेवणानंतर गप्पा देश सोडण्यावर आल्या. कोण का आलं, कसं आलं. श्रीनाथ सुपारी कातरत म्हणाला, "आपल्याला इकडे यावं लागलं ते कशामुळे? मार्क असून सीट नाही. ती मंडळी चाळीस टक्क्यांवर आत, आणि आपण बाहेर. मग त्यांनी बांधलेले पूल पडतात." सगळे हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय चंद्रहास, तू तर इंजिनियर. पाहिले असशील नमुने."

मी हसलो.

खरं तर काय झालं ते नीट लिहायला हवं, वही त्यासाठीच आहे. आमचं मूळ आडनाव कांबळे. मी वरळीच्या शाळेत जाणार त्या वर्षी वडिलांनी गावाचं नाव लावलं, विन्हेरकर. पहिल्याच दिवशी पोराला मागच्या बाकावर बसवू नये, इतकाच त्यांचा हेतू. आठ वर्षांपूर्वी वॉटर्लूच्या प्लॅटफॉर्मवर श्रीनाथ भेटला, नाव ऐकून म्हणाला, "विन्हेरकर म्हणजे कोकणातले. कऱ्हाडे का?" मी म्हटलं, हो, कोकणातले, आणि हसलो. ट्रेन आली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, दुसऱ्याचं द्यायचं राहिलं. मग गौतमीचं नाव त्याला गोदावरीचं वाटलं, हॉलमधली बुद्धाची मूर्ती गार्डन सेंटरमधली वाटली. इथे निम्म्या गोऱ्यांच्या बागेत एकेक आहे, त्यामुळे त्याचाही दोष नाही.

राखीव जागेवर इंजिनियर झालो तो मी. माझा एकही पूल पडलेला नाही, मी पूल बांधतच नाही.

गाडीत गौतमी म्हणाली, "पप्पा, यू स्माइल्ड."

मी म्हटलं, बेटा, दुसऱ्याचं मत आपल्या हातात नसतं. सिग्नलला थांबल्यावर खिशातून कार्ड काढून तिला दाखवलंही. सुजाताने रेडिओ लावला.

काय चुकलं: विचार करूनही सापडलं नाही. काय जमलं: संयम. पूर्वी असं ऐकलं की माझे कान तापायचे, आज तापले नाहीत. की तापले? आता आठवत नाही.

२७ ऑगस्ट, गुरुवार

गौतमी सोमवारपासून श्रीनाथच्या गाडीत येत नाही. बसने जाते, वीस मिनिटं आधी निघावं लागतं. सिद्धीने विचारलं तर म्हणाली, व्यायाम होतो. बसमध्ये कसला व्यायाम ते कळेना.

माझ्याशी बोलणं म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'व्हॉटएव्हर'. कार्डाच्या उजव्या रकान्यात पेन्सिलने 'गौतमीचा राग' असं लिहिलं. लिहून बरं वाटायला हवं होतं.

५ सप्टेंबर, शनिवार

आज फार चांगला दिवस. दर शनिवारी मी पेटोनला रस्त्यावरच्या नळावर पाणी भरायला जातो. जमिनीखालचं पाणी, क्लोरीन नाही, पैसे नाहीत. कुणीही यावं, बाटल्या लावाव्यात, रांगेत उभं राहावं. घरच्या पाण्याची काळजी करायचा मला पगार मिळतो आणि मी पाणी भरतो ते तिथलं, यावरून ऑफिसात माझी थट्टा होते. लहानपणी गौतमी यायची, मग सुटलं. आज स्वतःहून गाडीत येऊन बसली.

रांगेत आमच्या पुढे एक सामोअन आजी, मागे गोरा प्लंबर, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून, एवढ्या थंडीत. गौतमी बाटली धरून म्हणाली, "टेल मी अबाउट युवर आजोबा. प्रॉपरली."

मी सांगितलं. मार्च १९२७, महाडचं तळं. आजोबा सतरा वर्षांचे होते. तळ्यावर जनावरं पाणी पीत, आम्हाला मनाई. त्या दिवशी हजारो लोक चालत गेले आणि प्यायले. परतताना गावच्या लोकांनी काठ्यांनी गाठलं, आजोबांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला, नीट बसलाच नाही. मला आठवतात ते काठी टेकत चालणारेच. बाटली भरून सांडायला लागली तरी ती ऐकत होती.

"डिड ही स्टे शांत?"

कुणास ठाऊक, म्हटलं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो.

तिने फोनवर काहीतरी टिपून घेतलं. येताना म्हणाली, मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांनी 'माझं कुटुंब' यावर पाच मिनिटं बोलायचंय, तिने नाव दिलंय. राग गेला म्हणायचा. उजव्या रकान्यातली पेन्सिलची ओळ खोडली. क्रेगची पद्धत चालते. आपण शांत राहिलो की माणसं आपोआप जवळ येतात.

१६ सप्टेंबर, बुधवार

श्रीनाथ यंदा मंडळाचा सेक्रेटरी आहे. मुलांची भाषणं त्याच्याकडे ईमेलने आली आहेत. ट्रेन सुटल्यावर त्याने गौतमीचं भाषण प्रिंट काढून आणलेलं माझ्या हातात दिलं.

"अरे, पोरीने कमाल केली आहे. एखाद्या दलित मुलीच्या जागी स्वतःला ठेवून लिहिलंय. माय ग्रेट-ग्रँडफादर वगैरे. वाचताना मला क्षणभर खरंच वाटलं."

मी कागद हातात धरून बसलो. कंडक्टर क्लिपर घेऊन आला, तिकिटाला भोक पाडून गेला.

"पण दिवाळीच्या कार्यक्रमाला हे नको रे," श्रीनाथ म्हणाला. "लोक फराळाला येणार, त्यात हा विषय. आणि विषय 'माझं कुटुंब' असा आहे, कल्पनेतलं कुटुंब नव्हे. तू समजावशील ना? माझ्याकडून गेलं तर सिद्धी माझ्यावर चिडेल."

पेटोन गेलं. न्गाउरंगा गेलं. समुद्र करडा होता. मला बोलायला पंधरा मिनिटं होती, आणि मी ती सगळी हे ठरवण्यात घालवली की ही गोष्ट कुठल्या रकान्यात येते. त्याचा गैरसमज त्याच्या डोक्यात आहे, म्हणजे उजवीकडे. माझं बोलणं डावीकडे. पण बोलल्यावर तो काय म्हणेल ते पुन्हा उजवीकडे. वेलिंग्टनला उतरताना म्हटलं, "बोलतो तिच्याशी."

१७ सप्टेंबर, गुरुवार

बोललो. आधी भाषण नीट वाचलं, चांगलं लिहिलंय. मग मध्यम मार्ग म्हणून 'माझे पणजोबा' आहे तिथे 'एक मुलगा' केलं, पाच ठिकाणी. कांबळे हा शब्द एकदाच होता, तो काढला. गोष्ट तशीच राहते, तळंही राहतं, कुणाला त्रास नाही. कागद तिच्यापुढे ठेवला आणि शांतपणे समजावलं की माणसाने कुठली लढाई घ्यायची ते शहाणपणाने ठरवावं. शहाणपण, कार्डावरचा तिसरा शब्द.

तिने सगळ्या खुणा मोजल्या. मग म्हणाली, "सो ही वॉज मेड अप."

मी म्हटलं, तसं नाही.

"देन टेल अंकल ही वॉजन्ट."

मी म्हटलं, त्याला काय वाटावं ते माझ्या हातात नाही. तिने कागदाची घडी केली, माझ्या शर्टाच्या खिशात कार्डाशेजारी ठेवली आणि खोलीत गेली. नंतर कळलं, कार्यक्रमातून नाव काढून घेतलं.

सुजाता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताचे नमुने बघते आणि घरी फारसं बोलत नाही. आज भांडी आवरून माझ्यासमोर बसली. "अहो, एक विचारू? तुमच्या आजोबांना तुम्ही कुठल्या रकान्यात टाकलंत?"

काय चुकलं: लिहितो आणि खोडतो. आज तिन्ही प्रश्न तसेच ठेवले.

२० सप्टेंबर, रविवार

शेजारच्या मार्गारेट लिंबं घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवलं. टेबलावर माझं कार्ड पडलं होतं, चष्मा वर करून वाचलं आणि मागची बाजू पाहून म्हणाल्या, "चौथा कुठेय?"

कोण चौथा, मी विचारलं.

"डिअर, सद्गुण चार होते. कायम चार. धैर्य, संयम, शहाणपण आणि न्याय. तुमच्या माणसाने न्याय गाळलाय." कार्ड टेबलावर ठेवून हसल्या. "ऑफिसात शिकवायला अवघड जात असेल."

मी त्यांना चहा करून दिला आणि तासभर बसवून घेतलं. त्या म्हणाल्या, स्टोइक लोक शाळा भरवायचे ती बाजाराकडेच्या रंगीत ओसरीत. दार नाही, फी नाही, कुणीही येऊन बसावं. नाव पडलं तेच ओसरीवरून. त्यात गुलामही निघाला आणि पुढे बादशहाही निघाला. हे ऐकून माझा ऊर भरून आला. गुलाम आणि बादशहा एका शाळेत, म्हणजे पेटोनच्या नळासारखंच की.

मग मी विचारलं, त्या बादशहाने गुलाम मोकळे केले?

मार्गारेटनी कप बशीत ठेवला. "नाही. केले नाहीत."

मग न्याय चौथा असून काय उपयोग झाला? त्या म्हणाल्या, हा प्रश्न चाळीस वर्षांत एकाच मुलीने विचारला होता. पण एवढं खरं, की हातात नाही म्हणून गप्प बसा असं ते सांगत नव्हते. आपलं वागणं हातात आहे म्हणून नीट वागा, असं सांगत होते. निकाल काय लागेल ते सोडून द्या, पण वागणं सोडू नका.

त्या गेल्यावर मी बॉलपेनने कार्डाच्या मागे 'न्याय' लिहायला गेलो. प्लास्टिकवर शाई धरत नाही. आता मला काहीच कळेनासं झालंय. महिनाभर मी काय करत होतो? क्रेगने एक शब्द गाळला हे खरं, पण क्रेग तर आत्ता ऑगस्टमध्ये भेटला. मी श्रीनाथपुढे हसलो ते आठ वर्षांपूर्वी.

२८ सप्टेंबर, सोमवार

आज दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दर वर्षी संध्याकाळी पांढरे कपडे घालून आतल्या खोलीत वंदना म्हणतो. बाबासाहेबांचा फोटो तिथे आहे, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर. हॉलमध्ये का नाही याचं कारण कुणी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

फोटोच्या जागी खिळा होता. फोटो गौतमीच्या खोलीत, टेबलाच्या वर. दार उघडं ठेवून ती अभ्यास करत होती. सुट्टी चालू असताना. सुजाताने खिरीच्या वाट्या तिकडेच नेल्या आणि वंदना तिथेच झाली. मी दारात उभा राहून म्हटली, कारण खोलीत तिघांना जागा नाही. होती बहुतेक.

सकाळी पाच मिनिटांच्या व्यायामात मी आजवर गाडी, घर, नोकरी आणि माझी तब्येत इथवर आलो आहे. पुढचं नाव गौतमीचं. आज डोळे मिटले, पण ती गेली असं समजता येईना. मग लक्षात आलं की अकरा दिवस झाले, ती माझ्याशी जेवताना बोललेली नाही. समजायचं काय राहिलं होतं? मी डोळे उघडले आणि तो व्यायाम कायमचा बंद केला. मला माझी मुलगी हवी आहे. हे कुठल्या रकान्यात बसत असेल तिथे बसो.

१२ ऑक्टोबर, सोमवार

शाळा सुरू झाली. फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लागला आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची फायनल, गुरुवार बावीस तारीख, संध्याकाळी सात. स्पर्धकाचं नाव गौतमीच्या अक्षरात: गौतमी कांबळे. विषय: माझे पणजोबा आणि पाणी.

त्यांच्या शाळेत माओरी पद्धत पाळतात. भाषण संपलं की बोलणाऱ्याची घरची माणसं जागेवर उभी राहतात आणि गाणं म्हणतात. बोलणारा एकटा नाही, मागे माणसं आहेत, असं त्याचं सांगणं. गाणं कुठल्याही भाषेतलं चालतं. फॉर्मवर शेवटी विचारलंय, कुटुंबातले किती जण उभे राहणार.

गौतमीने लिहिलंय, १.

मी सुजाताला विचारलं, हा एक म्हणजे कोण? ती म्हणाली, "मला विचारलं, मी हो म्हटलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण नाही म्हणालात तर तिला ते सोसायचं नाहीये."

सिद्धी त्याच वर्गात आहे, म्हणजे श्रीनाथ आणि स्वानंदीवहिनी येणारच. मी उभा राहिलो की आठ वर्षांचं सगळं एका मिनिटात उघडं पडतं. नाही राहिलो तर गौतमी स्टेजवरून बघणार, आई उभी आणि बाप बसलेला. दोन्हीपैकी काय माझ्या हातात आहे हे आज पहिल्यांदा स्पष्ट दिसतंय, आणि तरीही मी फॉर्म पुन्हा पुन्हा वाचतोय. क्रेग म्हणाला होता की हातात असलेल्या गोष्टीने मन शांत होतं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

काल मंडळाचा कार्यक्रम झाला, आम्ही गेलो नाही. श्रीनाथ गाडीत म्हणाला, "चिवडा तुझ्यासाठी ठेवलाय." स्टेशनपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा हवेवर बोललो, की वारा फार आहे. तो म्हणाला, वेलिंग्टनला कधी नसतो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

घरी येऊन लगेच लिहितोय, नाहीतर उद्या मी हे वेगळं लिहीन.

हॉलमध्ये दोनेकशे माणसं. श्रीनाथ, वहिनी आणि सिद्धी आमच्या पुढच्या दुसऱ्या रांगेत. शिक्षकाने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून नाव पुकारलं, गौतमी कांबळे. श्रीनाथने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी चुकलंय अशा हसऱ्या चेहऱ्याने. मी हसलो नाही. एवढंच जमलं, पण जमलं.

तिने पेटोनच्या नळापासून सुरुवात केली. तिथे रांगेत कोण कोण असतं ते सांगितलं, लोक हसले. मग म्हणाली, माझ्या पणजोबांना पाण्यासाठी चालत जावं लागलं, आणि पाणी दूर होतं म्हणून नव्हे. तळं, काठ्या, पाय. हे सगळं मला माहीत होतं. पुढचं मात्र मला नवीन होतं.

ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी मला एका गुलामाची गोष्ट सांगितली. त्याचा पाय मोडत असताना तो शांत राहिला, म्हणून त्याला लोक दोन हजार वर्षं मानतात. माझ्या पणजोबांचाही पाय मोडला. ते शांत राहिले का, हे कुणाला माहीत नाही, कारण ते कुणी लिहून ठेवलं नाही. मला वाटतं ते ओरडले असतील. आणि डिसेंबरमध्ये, पाय बरा झालेला नसताना, ते पुन्हा महाडला गेले."

ऑगस्टमध्ये त्या टेबलावर गौतमीने मान वर करून माझ्याकडे का पाहिलं होतं, ते मला तिथे, त्या खुर्चीत कळलं. घरात लंगडणारा माणूस पाहून मी मोठा झालो आणि लंगड्याची गोष्ट घरी आणली ती क्रेगकडून.

टाळ्या झाल्या. शिक्षक म्हणाले, गौतमीचं कुटुंब. सुजाता उभी राहिली. मग मीही उभा होतो. कसा उठलो ते आठवत नाही. धैर्य वगैरे काही जाणवलं नाही, पुढच्या खुर्चीची पाठ मी घट्ट धरली होती. सुजाताने त्रिसरण सुरू केलं, बुद्धं सरणं गच्छामि, लहानपणी वरळीच्या विहारात म्हणायचो त्याच चालीत. माझा आवाज दुसऱ्या ओळीला फुटला. पुढे सिद्धी उठून उभी राहिली. तिला शब्द येत नव्हते, नुसती उभी राहिली. वहिनींनी तिची बाही धरली आणि मग सोडली. श्रीनाथ बसूनच होता, मान खाली.

गौतमी स्टेजवरून आमच्याकडे बघत होती. तिचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही, मला नीट दिसत नव्हतं.

तिचा दुसरा नंबर आला.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी श्रीनाथची गाडी आली नाही. मी चालत स्टेशनला गेलो. तो नेहमीच्या डब्यात नेहमीच्या जागी बसला होता. मी उभा राहायचं ठरवलं होतं, पण तो म्हणाला, "बस."

पेटोन आलं.

"सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू विचारलं होतंस. कऱ्हाडे का म्हणून. मी हसलो."

"आणि मी गणपतीला जे बोललो..."

"हो."

"तेव्हाही तू हसलास."

"हो."

वेलिंग्टन आल्यावर तो म्हणाला, "मला वेळ लागेल चंद्रहास. मला माझीच लाज वाटतेय की तुझा राग येतोय, ते कळत नाहीये." मी म्हटलं, मलाही कळत नाहीये. निदान एवढ्या बाबतीत आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच ठिकाणी आहोत. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी. मंगळवारी तो त्या डब्यात असेल की नसेल, मला माहीत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर फॉर्म अजून फ्रिजवर होता. शेवटच्या ओळीतला १ खोडून गौतमीने ३ केला होता.

मी दोनदा मोजलं. सुजाता आणि मी, दोन. गौतमी मागे उभी होती, टोस्टला लोणी लावत. मी विचारलं, तिसरी सिद्धी का?

"सिद्धीचं घर वेगळं आहे, पप्पा," ती म्हणाली, मराठीत. "फॉर्म आपल्या फॅमिलीचा आहे."

आणि टोस्ट घेऊन खोलीत गेली. दार उघडंच होतं, फोटो दिसत होता.

काय चुकलं: एका संध्याकाळी मावणार नाही. काय जमलं: काल लिहिलं आहे. काय राहिलं: तिसऱ्याला, म्हणजे आजोबांना, उभं राहायला काठी लागायची, ती त्यांच्यानंतर कुठे गेली हे उद्या मुंबईला फोन करून विचारायचं.